आंधळ्या शिकाऱ्याला भेंडीचं पान कसं सापडतं

मार्च संपत आला की तुळजापूर, लोहारा, उमरगा या पट्ट्यात विहिरींच्या आधारानं उन्हाळी भेंडी उभी असते. ऊन चढतं, हवा कोरडी पडते, कच्च्या रस्त्याची धूळ कडेच्या ओळींवर बसते आणि नेमक्या त्याच ओळींतली पानं आधी फिकट, मग तांबूस व्हायला लागतात. लाल कोळी पडलेला असतो. पान उलटून पाहिलं तर शिरांच्या कडेनं बारीक जाळी दिसते. जाळीत विटकरी ठिपके असतात. थोडा वेळ नजर स्थिर ठेवली की त्यातले काही ठिपके चालताना दिसतात.

घड्याळजीकडं असतं तसलं दहा पट मोठं दाखवणारं भिंग असेल तर तेच पान वेगळं गाव होऊन जातं. ठिपक्याला आठ पाय आहेत, म्हणजे तो कीटक नव्हे. तो गोचिडाच्या आणि जाळं विणणाऱ्या कोळ्याच्या गणगोतातला. अंग गोलसर, पाठीवर दोन्ही बाजूंना काळपट डाग. सुईसारखं तोंड पानाच्या पेशीत खुपसून तो आतला हिरवा रस ओढून घेतो. रिकाम्या झालेल्या पेशींच्या जागी पांढरा ठिपका उरतो. ठिपक्याला ठिपका लागत गेला की अख्खं पान फिकं पडतं. जाळीत काचेच्या मण्यांसारखी गोल अंडी अडकलेली दिसतात. कडक उन्हाळ्यात अंड्यापासून अंडी घालणारी मादी तयार व्हायला जेमतेम आठवडा-दहा दिवस लागतात, आणि एक मादी शंभराच्या घरात अंडी घालू शकते. दोन ओळींतला कोळी पंधरवड्यात सगळ्या वावरात का दिसतो, ते या हिशोबात आहे.

पण त्याच पानावर, नशीब असेल आणि नुकतीच फवारणी झालेली नसेल, तर आणखी एक जण दिसतो. आकार पेरूच्या बीसारखा निमुळता, अंग तुकतुकीत, पाय लांब, आणि चाल भलतीच तुरतुरीत. लाल कोळी रेंगाळत असतो, हा धावत असतो. पुढचे दोन पाय तो चालायला फारसे वापरत नाही. ते वर उचलून हवेत चाचपडत राहतो. मध्येच थांबतो, एखाद्या अंड्याशी किंवा पिल्लाशी तोंड लावतो, आणि तो पुढं गेला की मागं नुसतं कवच उरतं. हा परभक्षी कोळी. आपल्याकडं लाल कोळ्याच्या मागं असणाऱ्या अशा शिकाऱ्यांत निओसेयुलस लाँजिस्पायनोसस ही जात ठळक आहे. लांबी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. पंख नाहीत. आणि या साऱ्या घराण्यालाच डोळे नाहीत.

इथं खरं तर क्षणभर थांबावं. अर्धा एकर भेंडीत पानं किती असतील? त्यातल्या पाच-पन्नास पानांच्या खालच्या अंगाला भक्ष्य बसलंय. शोधणारा आंधळा आहे, उडू शकत नाही, आणि त्याच्या मापानं भेंडीचं एक झाड म्हणजे बालाघाटचा डोंगर. तरी लाल कोळी वाढला की काही दिवसांत शिकारी तिथं हजर असतो. शेजारच्या हिरव्यागार, निरोगी पानावर तो टिकत नाही. ज्या पानावर खायला आहे तिथंच मुक्काम करतो. हे त्याला कळतं कसं?

या प्रश्नाचं उत्तर शोधलं ते नेदरलँड्समधल्या संशोधकांनी, कारण त्यांच्या काचघरांत काकडी आणि फुलझाडांवर याच लाल कोळ्यानं उच्छाद मांडला होता. त्यांच्या हाताशी फायटोसेयुलस परसिमिलिस नावाचा नारिंगी रंगाचा शिकारी कोळी होता. हा १९५८ च्या सुमारास चिलीहून आलेल्या ऑर्किडच्या रोपांबरोबर नकळत जर्मनीत पोचला होता. तो लाल कोळी फस्त करतो हे सगळ्यांना दिसत होतं. तो त्याला शोधतो कसा, हे मॉरिस साबेलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली दाखवलं.

प्रयोग इतका साधा आहे की कुठल्याही शाळेच्या प्रयोगशाळेत मांडता यावा. दोन फाटे फुटलेली एक काचेची नळी. नळीच्या आतून तशीच दोन फाट्यांची तार गेलेली, म्हणजे कोळ्याला चालायला रस्ता. एका फाट्याच्या तोंडाशी लाल कोळी लागलेली पानं, दुसऱ्याशी स्वच्छ पानं. बुडाकडून पंपानं हवा हळूहळू ओढायची, म्हणजे दोन्हीकडचे वास नळीतून वाहत येतात. उपाशी शिकाऱ्याला तारेच्या बुडाशी सोडायचं. तो वाऱ्याच्या तोंडावर चालत निघतो, दुबेळक्यावर येतो, पुढचे पाय हवेत हलवतो. कोळ्याला मिशा नसतात, वास घेण्याची इंद्रियं या पुढच्या पायांच्या टोकांवर असतात. म्हणजे तो हवेत चाचपडत नव्हता, हुंगत होता. एकामागून एक शिकारी सोडले की त्यातले बहुसंख्य कीड लागलेल्या पानांचा फाटा धरतात.

आता यावर कुणीही म्हणेल, त्यात काय, भक्ष्याचा वास आला असेल. मांजराला उंदराचा येतो तसा. मला या सगळ्या गोष्टीतली सर्वांत थक्क करणारी जागा इथंच वाटते, कारण उत्तर तसं निघालं नाही. लाल कोळी पानावरून पुसून काढले तरी ते पान शिकाऱ्याला पुढं काही काळ ओढतच राहिलं. वास येत होता तो पानाचा. खाल्लं जात असलेलं पान स्वतःच हवेत काहीतरी सोडत होतं.

काय सोडत होतं ते मार्सेल डिके यांनी वाखेनिंगेनला शोधलं. त्यांनी झाड घेतलं ते आपल्याकडं किराणा दुकानात डबल बी म्हणून मिळणाऱ्या घेवड्याचं. कोळी लागलेल्या झाडाभोवतीची हवा गोळा करून त्यांनी तिच्यातली रसायनं वेगळी केली, आणि १९९० साली त्यातल्या चार रसायनांकडं शिकारी कोळी ओढला जातो हे मांडलं. नावं अवघड असली तरी त्यातली दोन आपल्या नाकाच्या ओळखीची आहेत. एक लिनॅलूल. धने भाजायच्या आधी नुसते चुरले तरी जो गोडसर वास येतो, त्यातला मुख्य भाग याचा. दुसरं मिथाइल सॅलिसिलेट. गुडघ्याला, कमरेला चोळायच्या मलमाची डबी उघडल्यावर नाकात घुसणारा वास. आयुर्वेदिक दुकानात गंधपुऱ्याचं तेल मागितलं तर जे मिळतं, ते जवळजवळ सगळं हेच असतं. उरलेली दोन म्हणजे ओसिमिन आणि एक लांबलचक नावाचं, टर्पिनांच्या कुळातलं रसायन. निरोगी झाड ही रसायनं सोडत नाही, किंवा नगण्य सोडतं. टोमॅटोवरही लाल कोळी पडला की मिथाइल सॅलिसिलेट आणि लिनॅलूल हवेत येतात. प्रत्येक पिकाचं मिश्रण वेगळं, आणि एकाच पिकाच्या दोन वाणांतही ते सारखं नसतं.

पान फाटलं की वास येतोच. गवत कापल्यावर आपल्याला येतो तो तोच. मग हे त्याहून निराळं कसं? कात्रीनं पान कापलं तर लगेच हिरवट वास सुटतो आणि थोड्या वेळात विरतो. लाल कोळ्यानं खाल्लेल्या पानाचा वास उशिरा सुरू होतो, दिवसेंदिवस चालू राहतो, आणि त्यात कात्रीच्या जखमेत न येणारी रसायनं असतात. झाडाला कात्री आणि कोळी यांतला फरक कळतो तो लाळेवरून. जपानी संशोधकांनी २०१९ साली लाल कोळ्याच्या लाळेतली दोन प्रथिनं वेगळी काढली आणि त्यांना टेट्रानिन असं नाव दिलं. ही प्रथिनं पानात गेली की झाडाच्या आत जास्मोनिक आम्ल आणि सॅलिसिलिक आम्ल यांची हालचाल सुरू होते, संरक्षणाची जनुकं जागी होतात, आणि पानाच्या पेशी ती रसायनं नव्यानं बनवायला घेतात. एवढंच नाही. ज्या पानाला कोळी शिवलेलाही नाही, ते वरचं कोवळं पानसुद्धा तोच वास सोडायला लागतं. एका पानाला झालेली जखम सगळं झाड हवेत जाहीर करतं.

शिकारी कोळी मात्र नळीत नाही, वावरात राहतो, आणि वावरात तो लांबचा प्रवास वाऱ्यावर करतो. खाणं संपलं की पानाच्या कडेला येतो, पुढचे पाय उचलतो आणि वारा त्याला घेऊन जातो. कुठं उतरायचं यावर त्याचा काही ताबा नाही. ताबा सुरू होतो तो उतरल्यावर. हवेत तो वास असेल तर थांबायचं, वाऱ्याच्या उलट चालत जायचं, पानामागून पान तपासायचं. नसेल तर पुन्हा कडेला जाऊन पाय उचलायचे. एकदा कोळ्यानं भरलेलं पान सापडलं की तोच वास त्याला धरून ठेवतो. शेवटचं भक्ष्य जवळपास संपेपर्यंत तो त्या जागेवरून सहसा हलत नाही.

एवढं कळल्यावर माणसाचं मन लगेच गोष्ट रचतं: झाड संकटात हाक मारतं आणि रक्षक धावून येतो. साबेलिस आणि डिके यांनीही १९८८ साली शिकाऱ्यांना झाडाचे अंगरक्षक म्हटलं होतं. ही उपमा मला आवडते. पण तिच्यावर फार भार टाकू नये, असंही वाटतं. हवेत सुटलेला वास कुणा एकाचा राहत नाही. ज्याला हुंगता येतं तो त्याचा आपल्या सोयीचा अर्थ लावतो.

लाल कोळी स्वतःच बघा. नव्या जागी उतरलेल्या मादीलाही हाच वास येतो. डिके यांनी १९८६ सालीच दाखवलं होतं की गर्दीनं खाल्लेल्या पानांच्या वासापासून लाल कोळी दूर सरकतात. तिथं खायला उरलेलं कमी असणार, आणि शिकारी यायची शक्यता जास्त. काकडीच्या झाडावर फुलकिडे असतील तर त्या वासाचं झाडही लाल कोळी टाळतो, कारण फुलकिडे त्याचे वाटेकरी आहेत आणि वेळ आली तर त्याची अंडीही खातात. म्हणजे बिनडोळ्यांचा शिकारी आणि त्याचं भक्ष्य, दोघं एकच बातमी वाचतात. एक वाचून जवळ येतो, दुसरा वाचून लांब जातो.

शेजारचं झाडही ती वाचतं. १९९२ साली कपाशीवर झालेल्या एका प्रयोगात कीड लागलेल्या झाडांवरून आलेली हवा निरोगी झाडांवर सोडली. त्या निरोगी झाडांकडं नंतर शिकारी कोळी जास्त ओढले गेले, आणि लाल कोळ्याची वाढ त्यांच्यावर कमी झाली. पुढं २००० साली घेवड्याच्या पानांत त्याचं आतलं कारण सापडलं: शेजारच्या खाल्लेल्या पानांचा वास लागताच निरोगी पानांतली संरक्षणाची जनुकं चालू होतात. कोळी अजून दोन झाडं पलीकडं असतो, तेव्हाच.

आणि जिथं बातमी आहे तिथं ती दाबणारेही निघतात. लाल कोळ्याचा एक नातलग, टेट्रानिकस इव्हान्साय, टोमॅटोवर पडतो तेव्हा झाडाचं संरक्षण चेतवण्याऐवजी ते खाली दाबतो. वर इतकी घट्ट जाळी विणतो की दुसऱ्या कुणाला आत शिरणं कठीण. झाडानं लाळ ओळखायला शिकायचं आणि कोळ्यानं ओळख पटू न देणारी लाळ कमवायची, ही स्पर्धा कोट्यवधी वर्षांची आहे.

धाराशिवच्या शेतकऱ्याचं सर्वांत जुनं भांडण मात्र भेंडीवरच्या कोळ्याशी नाही, तुरीवरच्या कोळ्याशी आहे. तो कोळी त्याला दिसलेलाही नसतो. तुरीचं एखादं झाड हिरवंगार, झुडपासारखं वाढतं, पानं बारीक आणि फिकट चट्ट्यांची होतात, आणि त्याला फूलच लागत नाही. शेंग तर नाहीच. वांझ तूर. हा विषाणूचा रोग आहे. तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेणारा असेरिया कजानी हा कोळी जेमतेम पाव मिलिमीटर लांब, अळीसारखा, आठाऐवजी चारच पायांचा. रोगाची पहिली नोंद १९३१ साली बिहारमधल्या पुसा इथली. खरा विषाणू हाती लागायला पुढं जवळपास सात दशकं गेली. हा कोळी कोवळ्या पानांच्या खाली बसून इतकं थोडं खातो की त्याच्या खाण्याची खूण डोळ्यांना दिसत नाही. वाऱ्यानं उडतो, वाऱ्यानंच पडतो. भेंडीचं पान फिकं पडून आपली जखम दाखवतं तरी. तुरीवर कळतं ते फुलोऱ्याच्या वेळी, आणि तेव्हा काही करण्याची वेळ गेलेली असते. त्यामुळं इथं मदतीला आलं ते बियाणंच. जालना जिल्ह्यातल्या बदनापूरच्या संशोधन केंद्रानं काढलेल्या बीएसएमआर ७३६ आणि बीएसएमआर ८५३ या वाणांच्या नावातच वांझ रोगाला प्रतिकार लिहिलेला आहे.

तुरीचीच आणखी एक कथा, ही मात्र वासाची, सोलापूर–हैदराबाद महामार्गावरची. तोच रस्ता, जो नळदुर्ग आणि उमरग्यावरून जातो. पुढं त्याच रस्त्यावर पाटणचेरूला, १९७२ साली स्थापन झालेली इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिथं १९९० च्या दशकात घाटेअळीच्या अंड्यांवर जगणाऱ्या ट्रायकोग्रामा या चिमुकल्या गांधीलमाशीचा अभ्यास झाला. ज्वारीवरच्या अंड्यांत ती भरपूर सापडायची, तुरीवर जवळजवळ नाहीच. अंडी तीच, माशी तीच. तुरीच्या कळ्या-शेंगांवरच्या चिकट लवेत तिला चालता येत नाही, आणि तुरीवरून येणारा वासही तिला ओढत नाही. ज्वारी-तूर एकत्र पेरणारे आपले जुने लोक एकाच वावरात दोन निराळ्या वासांची हवा उभी करत होते. ज्वारी घटली आणि सोयाबीन आलं तेव्हा मराठवाड्याच्या शिवारातली ही हवाही बदलली असणार, आणि तिचा हिशोब आपण कधी मांडत नाही याची मला खंत वाटते.

पिकाची निवड करताना वास हरवू शकतो, हे मक्यात तर सिद्धच झालं. मक्याची मुळं अळीनं कुरतडली की ती जमिनीत कॅरिओफायलिन नावाचं रसायन सोडतात आणि अळी मारणारे सूत्रकृमी त्या दिशेनं येतात. २००५ साली लक्षात आलं की अमेरिकेतल्या बहुतेक मका वाणांत ही क्षमता उरलेलीच नाही. उत्पन्न, उंची, दाणा हे सगळं बघून पिढ्यान्‌पिढ्या वाण निवडले गेले. मुळाचा वास कुणी तपासला नाही. भेंडीच्या, वांग्याच्या, द्राक्षाच्या वाणांबद्दल हा प्रश्न विचारावासा वाटतो.

आणि फवारणी. पानं तांबरली की कृषी सेवा केंद्रातून औषध येतं, तेही अनेकदा पायरेथ्रॉइड गटातलं, कारण ते फळ पोखरणाऱ्या अळीसाठी घरात असतंच. लाल कोळी त्यानं फारसा मरत नाही. शिकारी कोळी, कोळी खाणारे बारके काळे ढालकिडे, शिकारी फुलकिडे मात्र साफ होतात. आठ-दहा दिवसांत कोळी आधीपेक्षा जोरात येतो आणि औषध भेसळीचं होतं असा संशय घेतला जातो. पानं वास सोडतच असतात. त्या वासावर यायला बांधावर कुणी उरलेलं नसतं. बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठातून चालणारा कोळीशास्त्राचा अखिल भारतीय प्रकल्प किंवा तुळजापूरचं कृषी विज्ञान केंद्र यांच्यासारख्या ठिकाणची माणसं फवारणीआधी पान उलटून बघा असं सांगतात, त्यामागं हे सगळं आहे. विटकरी, रेंगाळणारे ठिपके किती आणि तुकतुकीत, धावणारे किती, हे भिंगातून मिनिटभरात कळतं.

मग हा वास बाटलीत भरून वापरता येईल का? अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात डेव्हिड जेम्स यांनी नेमकं हेच केलं. द्राक्षबागांत आणि हॉप्सच्या मळ्यांत त्यांनी मिथाइल सॅलिसिलेटच्या पुड्या टांगल्या. २००४ साली आलेले निकाल उत्साह वाढवणारे होते: पुड्या टांगलेल्या बागांत क्रायसोपाच्या जातकुळीतले शिकारी, कोळी खाणारे ढालकिडे आणि शिकारी ढेकूण जास्त सापडले. धाराशिव जिल्ह्यातही द्राक्षबागा आहेत आणि उन्हाळ्यात त्यांच्यावरही लाल कोळी पडतो, म्हणून हे वाचताना हुरूप येतो.

पण शिकारी शिकतात, हेही तितकंच खरं. नासपतीच्या झाडांवरच्या सिल्ला या रसशोषक किडींवर उपजीविका करणाऱ्या शिकारी ढेकणांवर नेदरलँड्समध्ये २००० साली झालेल्या प्रयोगात दिसलं की मिथाइल सॅलिसिलेटच्या वासाबरोबर खाणं मिळालं तर ते त्या वासाकडं जायला शिकतात, आणि उपासमार झाली तर त्याच वासाला टाळायला शिकतात. म्हणजे स्वच्छ बागेत नुसती पुडी टांगून शिकाऱ्यांना बोलावलं आणि खायला काही नसलं, तर पुढच्या वेळी खऱ्या कोळी लागलेल्या वेलीचा वास आला तरी ते कदाचित फिरकणार नाहीत. पुडी कधी टांगायची, किती अंतरावर, वेलीवर थोडा कोळी असताना की त्याआधी, आणि इथल्या चाळीस अंशांच्या उन्हात ती किती दिवस टिकते, हे वॉशिंग्टनच्या मळ्यात ठरणार नाही. ते तुळजापूरच्या बागेतच, पान उलटत, मोजत ठरवावं लागेल.